तुळाजीच्या लग्नाचा ताजा दाखला

एक गाव होतं, आणि प्रत्येक गावात एखादा असतो तसा त्या गावातही एक भोळा होता. त्याचं नाव तुळाजी खरमाटे. धंद्याने आचारी. आता तुम्ही म्हणाल, भोळ्या माणसाच्या हातात विस्तव दिला कुणी? पण स्वयंपाकात तुळाजीचं कधी चुकत नसे. एक चमचा मीठ सांगितलं की तो एकच चमचा घालायचा. ढवळत राहा म्हटलं की कुणी थांब म्हणेपर्यंत ढवळत राहायचा. घोळ व्हायचे ते स्वयंपाकघराच्या बाहेर.

आपली माणसं परदेश बघायला जातात, पण संध्याकाळी त्यांना पिठलं-भात लागतो. म्हणून सहलवाले आचारी बरोबर नेतात. अशाच एका सहलीबरोबर तुळाजी थायलंडला गेला. तिथे उत्तरेकडच्या एका लहान शहरात, बाजारात, सुदा नावाची बाई कोथिंबीर-मिरची विकायची. दहा वर्षं मराठी आचाऱ्यांना भाजी विकून ती मराठी बोलायला शिकली होती. आचाऱ्यांकडून शिकल्यामुळे तिला 'तू' तेवढं येत होतं, 'तुम्ही' येत नव्हतं. सत्तरीच्या काकूंनाही ती "तू कोथिंबीर घे" म्हणायची आणि काकू खूश व्हायच्या.

तुळाजी तीन सहली तिच्याकडे कोथिंबीर घ्यायला गेला. चौथ्या सहलीत कोथिंबीर लागत नव्हती, तरी गेला. शेवटी सुदानेच विचारलं, लग्न करतोस का? तुळाजीने कुणाचं सांगणं कधी मोडलं नव्हतं, आणि हे तर त्याला मनापासून आवडलं. लग्न झालं. तिथल्या नोंदणीच्या कचेरीत नाव लागलं. सहल त्याला तिथेच सोडून परत आली.

पेच पुढे होता. थाई बायकोच्या नवऱ्याला तिथे राहता येतं, पण सरकारने परवानगी दिली तर. लग्न खरं आहे की नुसतं कागदासाठी केलंय, हे अधिकारी पारखून घेतात. खोटं वाटलं तर नवऱ्याने सामान बांधायचं आणि आपल्या देशाला जायचं. तुळाजीला सुदाला सोडून जायचं नव्हतं. सुदालाही त्याला जाऊ द्यायचं नव्हतं. एवढीच गोष्ट आहे. बाकी सगळा तुळाजी.

पहिल्या दिवशी सुदा त्याला आईकडे घेऊन गेली. तुळाजी आपल्या रीतीप्रमाणे सासूबाईंच्या पाया पडायला वाकला. जावई एकदम पाय का पकडतोय हे त्या बिचारीला कळेना. ती किंचाळून खुर्चीवर चढली. तुळाजीला वाटलं, नमस्कार नीट पोचला नाही. तो खुर्चीवर चढायला लागला.

सुदाने त्याला खाली ओढलं. म्हणाली, "पायाला हात नाही लावायचा. समोर माणूस आला की लांबून हात जोडायचे आणि मान खाली घालायची."

तुळाजी म्हणाला, "बरं." आणि विसरू नये म्हणून खांद्यावरच्या पंच्याला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी परवानगीच्या अर्जासाठी फोटो काढायचा होता. फोटोवाला समोर आला. तुळाजीने लांबून हात जोडले आणि मान खाली घातली. फोटोत टक्कल आलं. फोटोवाल्याने पुन्हा काढला, पुन्हा टक्कल आलं. तिसऱ्यांदा फोटोवाला जमिनीवर आडवा झाला आणि खालून काढायला गेला. हा आपल्याहून खाली वाकला म्हणून तुळाजीने कपाळ जमिनीला टेकवलं.

सुदा म्हणाली, "अरे, अशा वेळी मान वर. समोर बघायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही, पापणी पण नाही हलवायची."

तुळाजी म्हणाला, "बरं." आणि पंच्याला गाठ मारली.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी अंगणात मासे वाळत घातले आणि जावयाला राखणीला बसवलं. थोड्या वेळाने फाटकातून एक कुत्रा आला. तुळाजीने मान वर केली आणि समोर बघितलं. हलला नाही, बोलला नाही. कुत्र्याने एक मासा खाल्ला, इकडेतिकडे पाहिलं आणि दुसरा खाल्ला. मग जाऊन घरची सगळी मंडळी घेऊन आला. सुदा बाजारातून परत आली तेव्हा अंगणात पाच कुत्री पोट वर करून झोपली होती आणि तुळाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कारण तासभर त्याने पापणी हलवली नव्हती.

सुदा म्हणाली, "न विचारता कुणी फाटकातून आत आलं, हुंगायला लागलं, तर ओरडायचं. हातात मिळेल ते घ्यायचं आणि रस्त्यापर्यंत हाकलायचं."

तुळाजी म्हणाला, "बरं." आणि पंच्याला गाठ मारली.

चौथ्या दिवशी परवानगीच्या कचेरीतले दोन अधिकारी घर बघायला आले. साध्या कपड्यांत आले, न कळवता आले. तशीच त्यांची पद्धत असते. नवरा-बायको खरंच एका घरात राहतात का, ते त्यांना बघायचं असतं. सुदा बाजारात होती. एकाने दाराबाहेरच्या चपला मोजल्या. दुसऱ्याने स्वयंपाकघरात डोकावून फोडणीचा वास घेतला.

हुंगलं म्हटल्यावर तुळाजीला शंका उरली नाही. त्याने झारा उचलला आणि ओरडत निघाला. एक अधिकारी कुंपणावरून गेला. दुसऱ्याची पॅन्ट कुंपणात अडकली, तो मागून गेला. तुळाजीने सांगितल्याप्रमाणे रस्त्यापर्यंत हाकललं. रस्ता लागल्यावर थांबला, हात जोडले आणि परत येऊन भाजी ढवळायला लागला.

सुदाला कळलं तेव्हा तिने भाजी तशीच टाकली. ती कचेरीत गेली, गयावया केली आणि आणखी एक भेट मागून आणली. ती शेवटची, असं तिला स्पष्ट सांगण्यात आलं. घरी येऊन तिने तुळाजीला समोर बसवलं.

"घरी आलेल्या माणसाला बसवायचं. पाणी द्यायचं, खायला घालायचं. पोट भरेपर्यंत उठू नाही द्यायचं."

तुळाजी म्हणाला, "बरं." आणि पंच्याला गाठ मारली.

आता ही गाठही चुकीच्याच जागी सुटायला हवी होती. पण आठवड्याने तेच अधिकारी परत आले आणि तुळाजीने त्यांना बसवलं, म्हणजे पहिल्यांदाच योग्य माणसाला योग्य वागणूक मिळाली. त्याने पुरणपोळ्या केल्या होत्या. अधिकाऱ्यांनी दोन-दोन खाल्ल्या आणि उठायला लागले. तुळाजीने खांदे दाबून खाली बसवलं. पोट भरलं की नाही हे बाहेरून दिसत नाही, म्हणून तो वाढतच राहिला. सातव्या पोळीला मोठ्या अधिकाऱ्याने हात वर केले आणि सुदाला सांगितलं की लग्न खरं आहे, असला नवरा कुणी कागदासाठी करत नाही, आता आम्हाला जाऊ दे.

अशी वर्षाची परवानगी मिळाली. जाताजाता अधिकारी पुढच्या वर्षीचं बोलला आणि सुदाने ते तुळाजीला मराठीत सांगितलं, "पुढच्या वर्षी सगळं नवं आणायचं. जुनं काही चालत नाही. फोटो नवा, घराचा नकाशा नवा, लग्नाचा दाखला पण नवा."

तुळाजी म्हणाला, "बरं." आणि पंच्याला गाठ मारली.

वर्ष सुखात गेलं. तुळाजी कामापुरतं थाई बोलू लागला. सुदाच्या टपरीशेजारी त्याने वडे तळायला सुरुवात केली आणि दोघं दिवसभर शेजारी शेजारी उभी असायची. संध्याकाळी सासूबाई पिठलं मागून घ्यायच्या.

परवानगीची मुदत संपत आली तेव्हा तुळाजीने ठरवलं की गेल्या वर्षी बायकोला फार त्रास झाला, या वर्षी सगळं आपणच करायचं. मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत तो मुद्दाम थांबला, कारण कागद जितका उशिरा काढावा तितका ताजा. नवा फोटो काढला. नवा नकाशा काढला. राहिला लग्नाचा दाखला. आचारी माणूस, त्याने विचार केला. शिळ्या आमटीवर वरून कोथिंबीर घातली म्हणून आमटी ताजी होत नाही. लग्नच जुनं असेल तर दाखला नवा कुठून होणार?

तो सकाळी नोंदणीच्या कचेरीत गेला आणि खिडकीतल्या बाईंना म्हणाला, नवं लग्न लावायचंय.

बाईंनी त्याचं नाव बघितलं. म्हणाल्या, तुमचं एक लग्न झालेलं आहे. ते असताना दुसरं होत नाही. आधी ते मोडा. बायकोला घेऊन या, दोघांच्या सह्या लागतील.

तुळाजीला हे पटलं. भांडं रिकामं केल्याशिवाय दुसरी भाजी टाकता येत नाही. तो धावत बाजारात गेला आणि सुदाला म्हणाला, परवानगीच्या कागदांवर तुझी सही हवी आहे. आता सुदा शहाणी होती. पण त्या दिवशी सणाचा बाजार होता, समोर गिऱ्हाइकांची रांग होती आणि चष्मा घरी राहिला होता. ती तशीच त्याच्याबरोबर नोंदणीच्या खिडकीशी आली. गेल्या वर्षी याच खिडकीत तिने चाळीस सह्या न वाचता केल्या होत्या. बाईंनी विचारलं, दोघांची संमती आहे ना? सुदा म्हणाली, हो हो, आटप लवकर. सह्या झाल्या. सुदा पळत परत बाजारात गेली.

बाईंनी तुळाजीच्या हातात कागद ठेवला. त्यावर त्याचं नाव होतं, सुदाचं नाव होतं, आजची तारीख होती. हा आमच्या लग्नाचाच कागद ना, असं त्याने विचारून घेतलं. तुमच्या लग्नाचाच, असं बाई म्हणाल्या, आणि खोटं त्याही बोलल्या नाहीत. एवढा ताजा कागद मिळाल्यावर आणखी काय हवं? तुळाजी रस्ता ओलांडून समोरच्या परवानगीच्या कचेरीत गेला.

रांग सरल्यावर दुपारी पुरणपोळीवाल्या अधिकाऱ्याने त्याचे कागद घेतले. फोटो बघितला, नकाशा बघितला. मग तो कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"हा घटस्फोटाचा दाखला आहे."

"आज सकाळचाच आहे, साहेब," तुळाजी म्हणाला.

अधिकाऱ्याने त्याला सावकाश समजावलं. लग्न जुनंच हवं होतं, फक्त त्या लग्नाचा उतारा नवा काढायचा होता. तुळाजीचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एक गोष्ट झटकन कळली होती, आणि कळली ती ही.

"म्हणजे सुदा आता माझी कुणी नाही?"

"नाही. आणि तुमची मुदत आज चार वाजता संपते."

तुळाजी तिथेच बाकावर बसून रडायला लागला. अधिकाऱ्याने सुदाला फोन केला. ती आली, तिने अधिकाऱ्याचा चष्मा लावून कागद वाचला आणि पुन्हा वाचला. आधी ती तुळाजीवर ओरडली, मग न वाचता सही केली म्हणून स्वतःवर ओरडली आणि मग तीही रडायला लागली. अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, साडेतीन वाजलेत, समोरची खिडकी चारपर्यंत उघडी आहे. आत्ताच्या आत्ता लग्न लावा आणि कागद घेऊन या, मी शिक्का काढून बसतो.

सुदाने तुळाजीचा दंड धरला आणि त्याला ओढत रस्ता ओलांडला. रस्त्याच्या मधोमध ती थांबली. दोन्ही बाजूंनी गाड्या वाजत होत्या, पण तिला आत्ताच सांगायचं होतं.

"ऐक. आजपासून कुणी काही विचारलं, कशावर सही मागितली, तर हो म्हणायचं नाही. आधी घरी यायचं, बायकोला विचारायचं, मग हो म्हणायचं."

तुळाजीने डोळे पुसले. म्हणाला, "बरं." आणि पंच्याला गाठ मारली.

खिडकीत त्याच बाई होत्या. सकाळचे दोघे परत आलेले बघून त्यांनी काही विचारलं नाही, फॉर्म पुढे सरकवला. घड्याळात चारला दहा कमी होती. बाईंनी सुदाला विचारलं, या माणसाशी लग्न करायला तुमची संमती आहे? सुदा वाक्य संपायच्या आत हो म्हणाली आणि सही केली.

मग बाईंनी तुळाजीला विचारलं, "या बाईंशी लग्न करायला तुमची संमती आहे?"

तुळाजीने पेन हातात घेतलं, जरा विचार केला आणि पेन परत खाली ठेवलं.

"थोडं थांबा," तो म्हणाला. "घरी जाऊन बायकोला विचारून येतो."

आणि वेळ थोडा आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून तो धावतच गेला. बाईंनी खिडकी लावू नये म्हणून सुदा ती अडवून तिथूनच हाका मारत होती, त्या गाड्यांच्या आवाजात त्याला ऐकू आल्या नाहीत. घरी पोचला, तर बायको घरात नाही. परसात बघितलं, तिथेही नाही. मग तुळाजी पायरीवर बसला आणि चार वाजून गेले, साडेचार वाजून गेले, तरी तिची वाट बघत राहिला.