शिरका महाग का झाला

चंद्रभान राजाच्या ताटातून एके दिवशी शिरक्यातला कांदा गायब झाला. शेजारच्या राजाने दोन गावं गिळली, तेव्हा महाराजांनी नुसती जांभई दिली होती. कांद्यासाठी मात्र त्यांनी तातडीने दरबार भरवला.

"शिरका परवडत नाही, महाराज," मुदपाकखान्याचा कारभारी म्हणाला. "वर्षात भाव चौपट झालाय. लोकांनी तर घेणं केव्हाच सोडलं."

"महागला कशाने?"

याचं उत्तर हरबाजी तपासनीसाकडे तयार होतं. हा हरबाजी महाराजांचा खास माणूस. उसाचा रस रांजणात भरून ठेवला की दहा-बारा दिवसांत त्याची दारू होते, आणि पुढे महिनाभर मुरली की तिचाच शिरका होतो. मधल्या दिवसांत कुणी ती दारू चोरून विकू नये म्हणून महाराजांनी वर्षापूर्वी तपासणी सुरू केली होती. रांजणावर दर दिवशी चुन्याची एक रेघ ओढायची आणि हरबाजीने रेघा मोजून, बोटभर चाखून तपासायचं, असा नियम होता.

"शिरकेवाले लबाड आहेत, महाराज," हरबाजी म्हणाला. "भाव चढावा म्हणून माल दडवतात. त्यांचा म्होरक्या रखमाजी. त्याचे रांजण फोडा, बाकीचे आपोआप सरळ होतील."

रखमाजीला धरून आणलं. सहा रांजण एवढाच त्याचा संसार, ते फुटले तर उद्यापासून चूल बंद. त्याच्या मागोमाग त्याची मुलगी गोजरा आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती आली.

"महाराज, माझ्या बानं थेंबभर दडवलं नाही," ती म्हणाली. "रांजण गळ्यापर्यंत भरतो आम्ही. चाळीस दिवसांनी बघावं तर निम्मासुद्धा उरत नाही. कुठं जातो ते सांगू?"

"थांब," महाराज म्हणाले. "माझ्या माणसाविरुद्ध एक शब्द काढलास तर रांजण आत्ताच फोडीन. चोर असेल तर उद्या दाखव. पण तू त्याचं नाव घ्यायचं नाहीस, साक्षीदार आणायचा नाहीस. चोराने आपणहून कबूल केलं पाहिजे."

दरबार खुश झाला. असा आज्ञाधारक चोर आजवर कुणी पाहिला नव्हता.

गोजराने मान डोलावली. "मग एवढंच करा, महाराज. उद्या आमचे रांजण इथं आणते. हरबाजींनी तपासणी तुमच्या डोळ्यांपुढं करावी. रोज करतात तशीच, त्यात काही कमी नको."

यात नाही म्हणण्यासारखं हरबाजीला काही दिसलं नाही. उलट महाराजांसमोर मिरवायला मिळणार म्हणून त्याने नवी पगडी काढली.

दुसऱ्या दिवशी सहा रांजण दरबारात मांडले गेले. तीन रांजणांवर चाळीस रेघा, तीनांवर बारा. आंबट वासाने दरबाऱ्यांची नाकं केव्हाच बधिर झाली होती.

हरबाजी चाळीस रेघांच्या रांजणांपाशी आला. फडकं उचललं नाही की वाकून पाहिलं नाही. "शिरका. ठीक आहे," असं लांबूनच म्हणून तो पुढे गेला.

बारा रेघांचा रांजण दिसताच मात्र त्याची चाल बदलली. त्याने ऐसपैस मांडी घातली. कमरेचा पितळी पेला काढला, काठोकाठ भरला, डोळे मिटले आणि एका दमात घशाखाली ओतला.

"मेलो!"

हरबाजीची पगडी एकीकडे आणि तो दुसरीकडे. नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पेल्यात चाळीस दिवस मुरलेला जहाल शिरका होता. गोजराने पहाटेच ओल्या फडक्याने रेघा पुसल्या होत्या आणि चाळीसच्या जागी बारा, बाराच्या जागी चाळीस ओढून ठेवल्या होत्या.

"हरबाजी," महाराज म्हणाले, "तपासायला बोटभर पुरतं. तू पेलाभर का घेतलास?"

"सवयीने, महाराज," हरबाजी कळवळून बोलून गेला.

"मग चाळीस रेघांच्या रांजणात काय आहे?" महाराज उठले. फडकं बाजूला करून त्यांनी बोट बुडवलं, चाटलं. पुन्हा बुडवलं. मग चकित होऊन म्हणाले, "अरे, हे तर माझं संध्याकाळचं पाचक!"

दरबारातले सगळे आपापल्या पायांची बोटं न्याहाळू लागले.

"तेच, महाराज," हरबाजी खोकत म्हणाला. "माझा पेला तो केवढा? रोज घागर तर वाड्यावर जाते."

आता आली पंचाईत. चोर सापडला होता, पण एक नव्हे, दोन, आणि त्यांतला मोठा सिंहासनावर बसत होता. महाराजांचे कान लाल झाले. रखमाजीला वाटलं, आता रांजणच काय, आपलं डोकंही फुटणार.

"बोल, मुली," महाराज म्हणाले. "तपासणी बंद केली तर लोक दारू विकतील. चालू ठेवली तर शिरका उरत नाही. काय करू?"

"चालू ठेवा, महाराज. हरबाजींचा पेला तेवढाच राहू दे. वाड्यावरची घागरही रोज जाऊ दे. फक्त चाळीस रेघा होईपर्यंत रांजणाला कुणी हात लावू नये. तेव्हा रांजण भरलेला दिसला, म्हणजे कुणी विकलं नाही. त्यानंतर दोघांनी हवं तेवढं तपासावं."

रोज संध्याकाळी घागरभर शिरका पिताना आपण कसे दिसू, हे महाराजांनी डोळ्यांसमोर आणलं. त्यांचं तोंड आंबट झालं आणि ते जे हसायला लागले ते थांबेनात. हरबाजी सोडून सगळा दरबार हसला.

हसता हसताच महाराजांनी तो नियम मंजूर केला आणि हातातलं सोन्याचं कडं गोजराला द्यायला काढलं. ते मनगटातून निघेना. शेवटी दोन सेवकांनी ओढलं, तिसऱ्याने तेल लावलं, तेव्हा कुठे निघालं.