डोळे मिचकावणारा टेम्पो

गाड्या एकमेकींशी बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. एका वयस्कर जीपने आपले पिवळे दिवे काढून पांढरेशुभ्र नवे बसवून घेतले आणि तिन्हीसांजेला मुद्दाम घाट उतरायला निघाली. रस्ता लख्ख दिसत होता. त्याहून लख्ख आपण दिसतोय, याची तिला खात्री होती.

वळणावर समोरून भाजीचा टेम्पो चढत आला. त्याने दिवे दोनदा खालीवर केले.

“अगंबाई, डोळे मिचकावतोय मेला!” जीप लाजली आणि तिने झोत आणखी वर केला.

टेम्पोने पुन्हा तेच केलं. जीप आणखी खुलली. तेवढ्यात टेम्पोचं एक चाक दरीकडच्या मातीत घसरलं.

“अहो मावशी, डिपर मागतोय मी! दिवे खाली घ्या, मला रस्ता दिसेना!”

जीपने घाबरून झोत खाली घेतला. टेम्पोला कडेची पांढरी पट्टी दिसली. जोर लावून त्याने चाक वर काढलं आणि हळूहळू तिच्या शेजारी आला.

“जुनेच दिवे बसवते परत,” जीप ओशाळून म्हणाली.

“कशाला? छान आहेत की,” टेम्पो म्हणाला. “मघाशी नुसता उजेड दिसत होता. आता तुम्ही दिसलात.”