जाताना काय म्हणायचं

कराडच्या धनवडे सरांना आपल्या इंग्रजीचा भारी तोरा. क्लासात ते कधी जेवणाखाणाचे, कधी हवापाण्याचे इंग्रजी वाक्प्रचार घोकून घ्यायचे. त्या दिवशी प्रवासाची पाळी होती. 'हिट द रोड' म्हणजे निघणे, एवढं सांगून सरांनी फर्मान काढलं, "आज हे म्हटल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही."

मालनबाई गुरसाळे पिशवी उचलून दाराशी आल्या. मुलगा कॅनडात आणि नातीला मराठी येत नाही, म्हणून साठी उलटल्यावर त्या इथे येऊन बसत होत्या. सवयीने त्या बोलून गेल्या, "आय ॲम कमिंग, सर."

सगळा वर्ग खो खो हसला. सर कडाडले, "अहो, जाताय आणि 'येते' काय म्हणता? हा मराठी खोटेपणा इंग्रजीत चालत नाही!"

मालनबाईंनी पिशवी खाली ठेवली. "सर, गावाहून निघताना तुम्ही आईला काय म्हणता?"

"येतो म्हणतो."

"आणि ती तेच खरं धरून बसते. माझा निरंजनही विमानतळावर 'येतो' म्हणाला होता. शब्द खोटा नसतो, सर. तो खोटा पाडायचा की नाही, हे जाणाऱ्याच्या हातात असतं."

सर वळून फळा पुसू लागले.

पुढच्या शनिवारी क्लासला कुलूप होतं. दारावर खडूने लिहिलं होतं, 'आईला भेटून येतो.' मालनबाई ते वाचून हसल्या आणि मग उगाचच फोन काढून बघत राहिल्या.