सगुणामावशीची पाठराखण

फार जुनी, म्हणजे काल दुपारची गोष्ट. जिलबीच्या आंबत्या पिठात यीस्टची एक पेशी होती, आणि तिथे एक दुपार म्हणजे एक जमानाच. त्या पेशीत सगुणा नावाचं प्रथिन राहायचं. सगळे तिला मावशी म्हणत.

पेशीत प्रथिनं विणणारे माग होते, त्यांना रायबोसोम म्हणत. नवा माग आत केंद्रकात जुळायचा आणि मग बाहेर कामाला यायचा. त्याचे भाग मात्र बाहेरच्या जुन्या मागांवर जन्मायचे. एकटे निघाले की वाटेत दिसेल त्याला चिकटून वाया जायचे. म्हणून सासरी निघालेल्या नवरीसोबत पाठराखीण जाते, तशी मावशी हात धरून त्यांना पोचवून यायची.

एकदा तिने छबू नावाच्या एका नव्या भागाला नेलं. छबू वाटभर बडबडत होती. केंद्रकात पोचल्यावर मावशीचा हातच सुटेना.

"मीही इथेच राहते गं," मावशी म्हणाली.

"मावशी, तू धरून ठेवलंस तर मी माझ्या जागी बसू कशी?" छबू रडवेली झाली. अर्धा जुळलेला माग तिच्यासाठी खोळंबला होता. मावशीने हात सोडला आणि मागे न बघता परतली.

मग पीठ फसफसून वर आलं. मावशी केंद्रकातून नुकत्याच बाहेर आलेल्या एका मागापाशी नव्या जिवाची वाट बघत उभी होती. हात रिकामा होता आणि मनात छबूची बडबड होती.

तेवढ्यात मागातून ओळखीचा आवाज आला, "मावशी, ही माझी पहिली लेक. हिला घट्ट धर हं."

मावशीने हात पुढे केला.

"आणि पोचलात," छबू हळूच म्हणाली, "की सोड."