कपाळावरची काळी माती

तुम्ही आत्ता शिवारातून चालत आलात, तेव्हा बायकांची कपाळं पाहिलीत का?

एकीच्याही कपाळावर कुंकू नव्हतं. सगळ्यांनी काळी माती लावली होती, बोटाएवढी आडवी. बांगड्यांवर जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. पाहुणे दरवर्षी विचारतात, आज गावात कोणी गेलं का? तसं काही नाही. आज हिवरतळात शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी सुरू झाली. पेरणी संपेपर्यंत इथली कोणतीही बाई कुंकू लावत नाही. लग्न होऊन आठ दिवस झालेली नवी सूनही नाही. मी या गावात सून म्हणून आले तेव्हा पहिल्या वर्षी फार रडले होते. मग माझ्या चुलत सासूबाईंनी मला बांधावर बसवून हे सांगितलं. त्यांना त्यांच्या सासूने सांगितलं होतं. म्हणून जसं ऐकलं तसंच सांगते.

फार जुनी गोष्ट आहे म्हणतात. ट्रॅक्टर सोडाच, लोखंडी नांगरसुद्धा गावात आला नव्हता. पेरणी तिफणीने व्हायची. तिफण म्हणजे तीन दातांचं लाकडी अवजार, पुढे बैल जुंपलेले. तिच्यावर एक लाकडी वाटी बसवलेली असे, तिला चाडं म्हणतात. चाड्याला तीन भोकं, भोकांतून तीन नळ्या खाली दातांपर्यंत गेलेल्या. पुरुष बैल हाकायचा आणि बाई ओटीत बी घेऊन मागून चालायची. मुठीतून दाणे असे सोडायचे की तिन्ही नळ्यांत सारखे पडले पाहिजेत. मूठ आवळली की ओळीत खंड पडायचा, सैल झाली की दाट उगवून पीक एकमेकाला खायचं. दिवसभर चालायचं आणि दिवसभर मूठ एकसारखी ठेवायची. हे काम ज्याला सोपं वाटतं त्याने एकदा करून पाहावं.

त्या काळी केराबाईसारखी मूठ पंचक्रोशीत कोणाची नव्हती, असं सांगतात. तिने पेरलेलं रान उगवलं की बांधावरून ओळखू यायचं. जणू कोणी दोरी धरून दाणा दाणा ठेवला आहे. स्वतःचं रान पेरून झालं की ती दुसऱ्यांच्या तिफणीमागे जायची. बाळोजी पाटलाची थोरली पट्टी तर दरवर्षी तिच्याच हाताने पेरली जायची.

त्या वर्षी श्रावणात केराबाईचा नवरा पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. घरात ती, दोन लहान मुली आणि धाकटा दीर लिंबाजी एवढेच राहिले. लिंबाजीचं लग्न व्हायचं होतं.

हस्ताचा पाऊस पडला. चार दिवस उघडीप मिळाली आणि जमिनीला वाफसा आला. वाफसा म्हणजे माती हातात घेतली तर चिकटतही नाही आणि उडतही नाही, अशी पेरणीची वेळ. आमच्या काळ्या रानात तो चार दिवस टिकतो. पाचव्या दिवशी माती आवळून येते, मग दाणा टाकून उपयोग नाही. पुढचा पाऊस थेट पुढच्या वर्षी. म्हणजे या चार दिवसांत जे पेरलं त्यावर वर्ष काढायचं.

केराबाईने बियाणं पाखडलं, ओटी बांधली आणि लिंबाजीला म्हणाली, "चला भावजी, बैल जुंपा."

त्या वेळचा रिवाज असा होता की विधवेने चाड्यावर मूठ धरायची नाही. ती खुरपेल, कापेल, मळेल, पण बी जमिनीत जायचं ते सवाष्णीच्याच हातून. कोणी हे लिहून ठेवलं नव्हतं, पण कोणी मोडलंही नव्हतं. केराबाईने दोन तास धरले, म्हणजे रानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाऊन परत आली, तोवर पाटील घोडीवरून बांधावर हजर झाला.

"केरा, चाडं सोड."

"का जी पाटील?"

"का म्हंजे? तुझ्या हातनं बी पडलं तर साऱ्या शिवाराला बाधंल. सवाशीण बोलाव."

"सवाशिनी आपापल्या रानात हायती. त्या मोकळ्या व्हईस्तवर माझा वाफसा निघून जाईल."

"मग जाऊ दे. एक रान पडीक ऱ्हायलं तर गाव बुडत न्हाई."

तेव्हा केराबाईने उजवा हात पुढे केला. "पाटील, ह्यो हात बघा. गेल्या साली तुमच्या थोरल्या पट्टीत ह्योच हात चालला. श्रावणात ह्या हाताचं काय बदललं?"

"हाताचं न्हाई," पाटील म्हणाला, "कपाळाचं बदललं. मूठ कुणाची चालंल ते कपाळावरनं ठरतं."

पाटलाने गड्याला खूण केली. गड्याने तिफणीवरचं चाडं उपटून काढलं आणि बांधावरच्या दगडावर आपटून फोडलं. जाता जाता पाटील म्हणाला, शिवारात ज्या तिफणीमागे विधवा दिसेल ती तिफण जागेवर मोडली जाईल. लिंबाजी बैल हाकायची पराणी घेऊन पुढे धावला, पण केराबाईने त्याला धरलं.

संध्याकाळी बायका पाण्याला विहिरीवर जमल्या. सगळ्यांना झालेलं कळलं होतं. केराबाई कोणाकडे काही मागायला गेली नव्हती. ती तिची घागर भरत होती. शेवटी चंद्राक्का बोलली. ही चंद्राक्का केराबाईची शेजारीण, तोंडाने फार तिखट.

"बाई गं, पाटलाला कपाळच बघायचं असंल, तर आपण त्याला बघायला काय ठिवायचंच न्हाई."

पहिल्यांदा कोणालाच कळलं नाही. कळलं तेव्हा दोघीतिघींनी कानांवर हात ठेवले. नवरा जिवंत असताना कुंकू पुसायचं ही साधी गोष्ट नव्हती. आजही नाही. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण गोष्ट ऐकताना ते फार सोपं वाटतं. त्या बायकांना खरंच वाटत होतं की आपल्या हाताने आपल्या घरावर काहीतरी येईल. एकीला तर रडूच कोसळलं.

केराबाई म्हणाली, "माझ्यापायी कुणी कुकू पुसू नगा."

"तुझ्यापायी कोण पुसतंय?" चंद्राक्का म्हणाली. "आज तुझं चाडं फुटलं. उद्या आमच्यातल्या कुणाचं न्हाई फुटायचं कशावरनं? धनी काय जल्माचा करार करून येत्यात व्हय?"

प्रत्येकीने मनात आपापल्या घराकडे पाहिलं असावं.

मागे पाटलीणबाई उभी होती. अंबूबाई तिचं नाव. ती सहसा विहिरीवर येत नसे, त्या दिवशी आली होती. तिची धाकटी बहीण माहेरी विधवा होऊन बसली होती, आणि त्या घरात तिला कोणी सुपालाही हात लावू देत नव्हतं. अंबूबाईने सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "उद्या कुणी आपल्या सोताच्या रानात जायचं न्हाई. रानं बदलून घ्या. कोण कुठं हाय ते बांधावरनं कळता कामा नये."

सकाळी घरोघरी भांडणं झाली म्हणे. चंद्राक्काचा नवरा दारात आडवा उभा राहिला. "अगं, मी जित्ता हाय की अजून!"

"मग जगा की! कोण नगं म्हणतंय? बैल सोडा, उशीर हुतोय."

दिवस वर आला तेव्हा शिवारात बारा तिफणी चालत होत्या. प्रत्येक तिफणीमागे एक बाई, पदर नाकापर्यंत ओढलेला, कपाळावर कुंकवाच्या जागी ओल्या मातीचा पट्टा, गळ्यातलं डोरलं चोळीच्या आत, बांगड्यांना चिंध्या. वाजणारी एकही बांगडी नव्हती. नुसता बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. काही जण सांगतात की त्या दिवशी सूर्य दोन घटका जागेवर थांबला. मला ते खरं वाटत नाही. बायकांनी मातीचा पट्टा लावला आणि पेरलं, एवढंच पुरेसं आहे असं मला वाटतं.

पाटील घोडीवरून निघाला. पहिल्याच बांधावर थांबून ओरडला, "ए, कोण तू?"

बाईने मान वर केली नाही. मूठ चालूच ठेवून म्हणाली, "पेरणारी."

दुसऱ्या रानात गेला. "कोण तू? कुणाची?"

"पेरणारी."

तिसऱ्या रानात तेच, चौथ्यात तेच. पुरुष खाली मान घालून बैल हाकत होते. आपल्या तिफणीमागे कोणाची बायको आहे हे त्यांतल्या काहींना खरंच माहीत नव्हतं म्हणे. पाटलाच्या हातात काठी होती, मागे गडी होता, पण मोडायची कोणाची तिफण? चुकून भावकीतल्या माणसाची मोडली तर? तो एकेक रान पालथं घालत गेला आणि शेवटी केराबाईच्या रानात पोचला. लिंबाजी बैल हाकत होता. मागे एक बाई चालत होती, तिची मूठ अडखळत होती, ओळी वाकड्या पडत होत्या.

पाटलाला वाटलं, सापडली. पोरीबाळींची काळजी, म्हणून मूठ बिघडलीय. घोडीवरून उतरून तो थेट तिफणीपाशी गेला आणि चाड्यावर काठी उगारली.

बाईने पदर मागे सारला. ती अंबूबाई होती.

"मोडा की," ती म्हणाली. "तिफण आपल्याच घरची हाय. चाडंबी आपलंच."

आपल्या जिवंतपणी आपल्या बायकोच्या कपाळावर माती, हेच तो बघत राहिला. मग कसाबसा म्हणाला, "केरा कुठं हाय?"

अंबूबाईने त्याच्या खांद्यावरून पलीकडे बोट दाखवलं. ओढ्यापलीकडे पाटलाची थोरली पट्टी होती. सगळं शिवार हिंडला, पण आपलंच रान बघावं हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. तिथे त्याची तिफण, त्याचे बैल, त्याचा जुना गडी आणि मागे केराबाई. पट्टी अर्ध्याहून जास्त पेरून झाली होती. पाटलाच्या घरचं वर्षाचं बी केराबाईच्या मुठीतून जमिनीत गेलं होतं.

"आता तिनं पेरलेलं उकरून टाकायचं असंल," अंबूबाई म्हणाली, "तर आपल्या रानापासनं सुरवात करा. न्हाईतर बाजूला व्हा. मला मूठ जमत न्हाई, पर एवढा तास पुरा करायचाय."

पाटील बाजूला झाला, असं सांगतात. घोडीवर न बसता, लगाम हातात धरून, तो बांधाबांधाने चालत घरी गेला. वाटेतल्या एकाही बाईने त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नाही.

त्या वर्षी कोणाचंही रान बाधलं नाही. कोणाचा नवरा दगावला नाही. चंद्राक्काचा तर पुढे फार म्हातारा होऊन गेला आणि शेवटपर्यंत तिच्याशी भांडत होता.

आजही हिवरतळात पेरणीच्या दिवसांत बायका माती लावतात आणि एकमेकींची रानं बदलून घेतात. आता पेरणी यंत्राने होते, पण प्रत्येक रानात पहिले दोन तास तिफणीनेच धरतात. मूठ कोणी धरायची हे ठरवताना घरात कोण आहे, कोण गेलं, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. मूठ चांगली आहे का, एवढंच विचारतात. माझे मालक जाऊन चार वर्षं झाली. आज सकाळी सरपंचांच्या रानात मूठ माझी होती. केराबाईच्या ओढ्याकाठच्या त्या रानाला सातबाऱ्यावर काहीही नाव असो, गावात सगळे त्याला पाटलिणीची वाकडी पट्टी म्हणतात.

केराबाईच्या रानाचं पुढे काय झालं, हे लोक विचारायचं विसरतात. अंबूबाईचा हात कधी चाड्यावर गेलेला नव्हता, त्यामुळे तिच्याने सगळं रान झालं नाही. दिवस मावळला तेव्हा वरच्या अंगाचा तुकडा तसाच राहिला होता. वाफशाचे दोनच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी केराबाई डोक्यावरचा पदर मागे टाकून आपल्या रानात गेली आणि तो तुकडा तिने स्वतःच्या मुठीने पेरला. बांधावर अडवायला कोणीही आलं नाही.