नाकेदाराचं नाक

दोन संस्थानांच्या मधे एक खाडी होती आणि खाडीच्या धक्क्यावर जकातीचा नाका. तिथले नाकेदार अमृतराव भारी ऐटीचे. लोखंड असो की लोणी, सगळा माल एकाच रांगेत. त्यांनी स्वतः टोपलीत हात घालून तपासल्याशिवाय होडी सुटायची नाही.

हौसाबाय कोळणीची पापलेटं त्या रांगेत उन्हानं कुजली. ती विनवायला गेली तर नाकेदार गुरगुरले, "रांग म्हणजे रांग!"

हौसाबाय कुजकी टोपली तशीच घरी घेऊन आली. शेजारणींनी नाकाला पदर लावला. "अगं, हे कशाला आणलंस?"

"उद्या कामाला येईल."

दुसऱ्या दिवशी ताज्या मासळीबरोबर तिनं ती टोपलीही नेली आणि थेट नाकेदारांच्या गादीशेजारी उघडली. माशा घोंगावल्या. अमृतरावांच्या तोंडातली हुक्क्याची नळी गळून पडली.

"अगं बये, फेक ते!"

"फेकू कशी, सायब? कालचा माल हाय, अजून तपासला नाय. रांग म्हणजे रांग! आधी ह्यात हात घाला, मग आजच्यात."

रांगेतले व्यापारी खो-खो हसू लागले.

"नाका माझा आहे!" नाकेदार ओरडले.

"नाका तुमचा, सायब, पण नाकबी तुमचंच ना?"

अमृतरावांनी नाक मुठीत धरलं आणि दुसऱ्या हातानं ताज्या मासळीची होडी सोडायची खूण केली.

त्या दिवसापासून मासळी, दूध, फुलं आधी सुटू लागली. आणि हौसाबाय त्या नाक्यावरून जायची ती नाक वर करूनच!