दोन राण्या आणि चिमा कासारीण

राजा दुर्गसेनाला राणी एकच होती, आणि सकाळी उठून बघतो तर दोन! दोघी रत्नमाला. दोघींच्या हनुवटीवर तोच तीळ, दोघींच्या अंगावर तोच जांभळा शालू, आणि दोघी एकमेकींकडे बोट दाखवून ओरडत होत्या, "महाराज, ही मी नव्हे!"

काय झालं ते राजाच्या लगेच ध्यानात आलं. पंधरवड्यापूर्वी राजवाड्यामागच्या तळ्यात आकाशातून एक चकाकतं यान पडलं होतं. त्यातून उतरलेली परताऱ्यावरची, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यावरची, मंडळी हवं त्याचं रूप घेतात, आणि रूपाबरोबर त्याच्या आठवणीही घेतात, हे एव्हाना नगरात सगळ्यांना ठाऊक होतं. राजवाड्याच्या माळ्याला तर अचानक जुळा भाऊच फुटला होता! बाग दुप्पट फुलली, म्हणून कुणी तक्रार केली नव्हती. पण राणीची गोष्ट वेगळी.

राजानं भर दरबारात प्रश्न विचारले. "लग्नात उखाणा घेताना तू काय विसरलीस?"

"तुमचं नाव!" दोघी लाजून म्हणाल्या.

"मी झोपेत काय बडबडतो?"

"ते इथे सगळ्यांसमोर सांगू?" दोघींनी एका सुरात विचारलं. राजानं घाईनं विषय बदलला.

राजा मुळातच हट्टी, त्यात आता चिडलेला. त्यानं सिंहासनावर मूठ आपटली. "दिवेलागणीपर्यंत निवाडा झाला नाही, तर दोघींना सीमेपार घालवीन! परकी बाई मी घरात ठेवणार नाही!"

एक राणी मटकन खाली बसली. तिचं बघून दुसरीही बसली. काही गुन्हा नसताना यातल्या खरीला बिचारीला स्वतःच्याच घरातून निघावं लागणार होतं.

नेमकी त्याच वेळी चिमा कासारीण बांगड्यांची टोपली घेऊन आत आली. नागपंचमी तोंडावर आली होती आणि राणीला बांगड्या भरायचा मान चिमाचा. बाई हाताची हलकी, पण जिभेची तिखट! दोघींना बघून म्हणाली, "अगंबाई! आज गिऱ्हाईक दुप्पट!"

"थट्टा सुचते तुला?" राजा गरजला. "यातली खरी राणी ओळखून दाखव! चुकलीस तर तूही सीमेपार!"

"आणि ओळखली तर?"

"मागशील ते देईन!"

"मग मला माझं काम करू द्या, सरकार. राणीसाहेबांचा हात दर सणाला माझ्या हातात असतो. बांगडी भरून बघते." चिमानं टोपलीतून नाजूक हिरव्या बांगड्या काढल्या.

राजाला धीर कुठला! "समजलो! ही बांगडी जिच्या हातात चढेल तीच राणी! ठरलं!"

"आधी भरू तर द्या!" म्हणत चिमानं बांगड्या पुढ्यात मांडल्या.

पहिली राणी पुढ्यात येऊन बसली. चिमानं तिचा अंगठा तळव्यात दुमडला, हात चेपला, चोळला आणि बांगडी रेटली.

"आई गं! चिमे, हाड मोडशील माझं!"

कट्! बांगडीचे तुकडे झाले. सवाष्णीची बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, म्हणून दरबारभर "वाढवली! वाढवली!" अशी कुजबुज झाली. चिमानं दुसरी घेतली, तीही गेली. राणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

दुसरी राणी हसत पुढे आली. तिच्या हातात बांगडी एका दमात चढली! "आई गं!" असं ती रीतसर विव्हळलीही, पण बांगडी मनगटावर पोहोचल्यावर!

"हीच माझी रत्नमाला!" राजा आनंदानं ओरडला. "त्या रडणारीला घालवा सीमेपार!"

"थांबा महाराज!" चिमा आडवी आली. "स्वतःच्याच राणीला घालवाल!"

"अगं, पण बांगडी तर हिच्या हातात चढली ना?"

"चढली, हेच तर वाईट! ही बांगडी मी तुमच्या माळ्याच्या चिमुरड्या नातीसाठी आणलीय. बाईच्या अंगठ्याशी हाड असतं सरकार. ते अडतं, दुखतं, त्याच्यापायी मी रोज शिव्या खाते! जाणत्या बाईच्या हातात लेकराची बांगडी चढायची कशी? जिला राणी व्हायची घाई, तिनं हातच लहान करून घेतला. बघा!"

सगळ्यांनी पाहिलं. आनंदाच्या भरात ती हात पुन्हा मोठा करायला विसरली होती. भरदार बाहूच्या टोकाला इवलासा तळवा लोंबत होता!

"माझा हात सुजला," खरी रत्नमाला कडाडली, "आणि तुम्ही तिला 'माझी रत्नमाला' म्हणालात!"

राजानं मान खाली घातली. "चुकलो गं," तो पुटपुटला.

"माझं यान बुडालं हो," परताऱ्यावरची बाई मुसमुसत म्हणाली. "राहायला घर हवं होतं. विचारलं, तर सगळ्यात जास्त लाड राणीचेच होतात असं कळलं."

"सीमेपार!" राजा पुन्हा गरजला.

"आधी माझं बक्षीस, सरकार," चिमा म्हणाली. "मला ही बाई द्या."

"वेड लागलं का तुला? ही फसवी बाई घेऊन काय करशील?"

"सासरी गेलेल्या लेकींसाठी बांगड्या न्यायला आया माझ्याकडे येतात. माप विचारलं की हवेत हात नाचवतात. 'एवढा गं! छे, एवढा!' मग बांगड्या होत नाहीत आणि भांडण माझ्याशी! ही घडीभर आईचं रूप घेईल, आठवणींसकट. आईला लेकीचा हात पाठ असतो. मग तस्साच हात करून ही माझ्यापुढं धरेल. तुम्हाला नको असलेल्या या हातावर माझा अख्खा धंदा चालेल, महाराज!"

राजा इतका हसला की मुकुट नाकावर आला. "दिली! आणि तुम्हा दोघींना पेठेत दुकानही दिलं!" परताऱ्यावरच्या बाईनं आनंदानं एका मोठ्या आणि एका इवल्या हातानं टाळ्या पिटल्या.

राणीनं डोळे पुसले आणि सुजलेला हात पुढे केला. "चिमे, तेल लाव आणि आता माझ्या मापाच्या भर. महाराज, तुम्ही इथे समोर बसा. दर बांगडीला 'हीच माझी रत्नमाला' म्हणायचं. मोठ्यानं!"

आणि राजा बसला!